कॉइन स्ट्रीट : हरकतीपासून आराखड्यापर्यंत

सेवाकाळात विकास आराखड्यांवरील हरकतींच्या अनेक सुनावण्यांना मी बसलो आहे. नागरिक रांगेने येत, दोन-तीन मिनिटे बोलत आणि बहुतेक अर्जांवर पुढे 'अमान्य' असा शेरा पडे. त्यांतले काही शेरे माझ्याच हस्ताक्षरात आहेत. म्हणूनच लंडनमधील कॉइन स्ट्रीटचा इतिहास मला पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो.

थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर, वॉटर्लू स्थानकाजवळ, ही सुमारे १३ एकर जागा आहे. महायुद्धातील बाँबहल्ले आणि नंतर आलेली कार्यालये यांमुळे परिसरातील वस्ती ओसरत गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे सुमारे ५० हजार लोक राहत. १९७० च्या सुमारास जेमतेम चार हजार उरले. शाळा आणि दुकाने बंद पडू लागली. अशा वेळी विकासकाने नदीकाठी प्रचंड कार्यालयसंकुल बांधण्याचा प्रस्ताव मांडला.

१९७७ साली रहिवासी संघटित झाले. ते केवळ विरोध करून थांबले नाहीत. परवडणारी भाड्याची घरे, बाग, दुकाने आणि सर्वांना खुला असा नदीकाठचा रस्ता असलेला स्वतःचा आराखडा त्यांनी तयार केला. १९७९ च्या सार्वजनिक चौकशीत दोन्ही आराखडे समोरासमोर तपासले गेले आणि दोन्ही नामंजूर झाले. दुसऱ्या चौकशीत विकासकाचा आराखडा रिचर्ड रॉजर्स यांच्यासारख्या नामांकित वास्तुविशारदाचा होता. १९८२ च्या अखेरीस शासनाने दोघांनाही परवानगी दिली! शासकीय चातुर्याचा हा नमुना मला ओळखीचा वाटला.

परवानगी मिळाली तरी जमीन मिळत नाही. खरा निर्णय तिथेच झाला. १९८१ मध्ये ग्रेटर लंडन कौन्सिलमध्ये सत्तांतर होऊन रहिवाशांना अनुकूल असे मजूर पक्षाचे नेतृत्व आले होते. १९८४ मध्ये विकासकाने आपला हिस्सा कौन्सिलला विकला. कौन्सिलने जमिनीच्या वापरावर कायमच्या अटी घातल्या, त्यामुळे तिचे मूल्य उतरले, आणि रहिवाशांच्या ना-नफा कंपनीने सगळी जागा सुमारे १० लाख पौंडांना घेतली. १९८६ मध्ये कौन्सिलच बरखास्त झाली. व्यवहार दोन वर्षे लांबता तर फाइल कोणाच्या टेबलावर गेली असती, हे सांगायला नको.

१९८८ मध्ये मलबेरी ही पहिली ५६ घरांची सहकारी वसाहत उभी राहिली. रहिवासी तेथे भाडेकरू आहेत आणि तेच व्यवस्थापक. घर विकून नफा कमावण्याची सोय नाही. १९९६ मध्ये जुन्या ऑक्सो टॉवरच्या इमारतीत ७८ सदनिका झाल्या. त्याच इमारतीत खाली दुकाने आणि माथ्यावर उपाहारगृह आहे.

आपल्याकडे १९६६ च्या महाराष्ट्र नगररचना अधिनियमानुसार हरकती मागवल्या जातात त्या प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर. तोवर रस्त्यांच्या रेषा आखलेल्या असतात, आरक्षणे पडलेली असतात. नागरिकाच्या हाती अर्ज असतो. पर्यायी नकाशा क्वचितच असतो, आणि असला तरी तो अधिकृत नकाशाशेजारी मांडून तपासण्याची रीत मी कुठे पाहिली नाही.

अर्थात कॉइन स्ट्रीटचे रहिवासी कायम अर्जदार राहिले नाहीत. त्याच संस्थेने पुढे डून स्ट्रीटवर जलतरण तलावासह ४३ मजली निवासी मनोरा प्रस्तावित केला. तलावाचा खर्च मनोऱ्यातील घरांच्या विक्रीतून निघायचा होता. त्यावरही हरकती आल्या, चौकशी झाली आणि २००८ मध्ये मंत्र्यांनी परवानगी दिली. या वेळी विकासकाच्या बाकावर तीच मंडळी बसली होती.