सेंट्रल लाइन : सुईच्या टोकाचा माग घेणारे तंत्रज्ञान

अतिदक्षता विभागात रुग्ण दाखल झाला की नातेवाइकांपुढे येणाऱ्या संमतीपत्रांत ‘सेंट्रल लाइन’ हा शब्द अनेकदा असतो. मान, कॉलरबोनखालील भाग किंवा जांघ येथील मोठ्या शिरेत बसवलेली ही लवचीक नळी होय. रक्तदाब टिकवून धरणारी तीव्र औषधे हाताच्या लहान शिरेतून दीर्घकाळ देणे धोक्याचे असते. ती या नळीतून देता येतात. तातडीच्या डायलिसिससाठीही अशीच, पण अधिक जाड नळी घालतात.

मानेतील शिरेला लागूनच मेंदूला रक्त पुरवणारी धमनी असते, तर कॉलरबोनखाली फुप्फुसाचे टोक जवळ असते. सुई किंचित चुकली तरी धमनीला छिद्र पडू शकते किंवा छातीत हवा शिरून फुप्फुस आकसते.

अंदाजाकडून प्रतिमेकडे

स्वीडनचे क्ष-किरणतज्ज्ञ स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी 1953 मध्ये सुईतून तार सरकवून, त्या तारेवरून नळी आत नेण्याची पद्धत मांडली. आजही तीच वापरात आहे. मात्र सुई टोचण्याची जागा अनेक दशके स्नायू व हाडांच्या खुणांवरूनच ठरत असे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2002 मध्ये मानेतील शिरेसाठी अल्ट्रासाऊंडची शिफारस केली. कॉक्रेन संस्थेच्या 2015 मधील आढाव्यानुसार, मानेतील शिरेच्या बाबतीत अल्ट्रासाऊंडमुळे एकूण गुंतागुंत 71 टक्क्यांनी, तर धमनीला चुकून सुई लागण्याचे प्रमाण 72 टक्क्यांनी घटले.

शीर दिसते, टोक दिसेलच असे नाही

अल्ट्रासाऊंडचा किरणपट्टा अतिशय पातळ असतो. सुई त्याला आडवी गेली की पडद्यावर केवळ एक ठिपका उमटतो. तो टोकाचा की दांड्याचा, हे ओळखणे कठीण जाते. टोक प्रत्यक्षात पुढे जाऊन शिरेची मागची भिंत भेदून गेलेले असू शकते. सुई फार तिरपी उतरली, तर ध्वनिलहरी प्रोबकडे परत न येता भलतीकडे वळतात आणि सुई जवळजवळ दिसेनाशी होते.

ही उणीव माग घेणारे तंत्रज्ञान भरून काढते. एका प्रकारात रुग्णाजवळ सौम्य चुंबकीय क्षेत्र निर्माण करून सुईतील संवेदकाचे स्थान मोजले जाते. दुसऱ्यात सुईच चुंबकित असते आणि तिचे क्षेत्र प्रोबमधील संवेदक टिपतात. तिसऱ्यात प्रोबवरील कॅमेरे सुईची दिशा पाहतात. त्यानंतर संगणक पडद्यावर सुईचा संभाव्य मार्ग रेखाटतो. त्यामुळे टोचण्यापूर्वीच ती शिरेत पोहोचेल की बाजूने निसटेल, याचा अंदाज येतो.

मर्यादा

खाट किंवा उपकरणांतील धातूमुळे चुंबकीय मोजमाप बिघडू शकते. संवेदक टोकापासून दूर असेल आणि सुई वाकली, तर पडद्यावरील रेषा व प्रत्यक्ष टोक यांत तफावत पडते. काही यंत्रणांना विशेष सुया लागतात, त्यामुळे खर्च वाढतो. शिवाय या तंत्राचे बरेच अभ्यास कृत्रिम प्रतिकृतींवर झालेले आहेत. म्हणूनच नळीसाठी मार्ग रुंद करण्यापूर्वी तार शिरेतच आहे याची अल्ट्रासाऊंडने खात्री करणे, तसेच नंतर नळीचे टोक व फुप्फुसे तपासण्यासाठी क्ष-किरण चित्र काढणे, या पायऱ्या टाळता येत नाहीत.

भारतात याला कायद्याचीही बाजू आहे. लिंगनिवडीस प्रतिबंध करणाऱ्या 1994 च्या कायद्यान्वये अल्ट्रासाऊंड यंत्राची नोंदणी बंधनकारक आहे. 2012 मधील नियमदुरुस्तीनुसार हाताळण्याजोगे फिरते यंत्र नोंदणीकृत आवारात, आंतररुग्णांसाठी वापरता येते. त्याशिवाय केवळ फिरत्या वैद्यकीय पथकात त्याला परवानगी आहे. त्यामुळे बांबोळीतील गोवा वैद्यकीय महाविद्यालय असो वा तालुक्यातील लहान रुग्णालय, अतिदक्षता विभागातील यंत्रही या चौकटीतच येते.

तंत्रज्ञान सुईचा मार्ग दाखवते. ती कुठे थांबवायची, हे प्रशिक्षित हातालाच ठरवावे लागते. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी नळी अल्ट्रासाऊंडच्या साहाय्याने बसवली जाणार आहे का, हे विचारण्याचा नातेवाइकांना पूर्ण अधिकार आहे.