बाटलेले पाणी आणि सुवर्णपदक

दहा मीटर उंचीच्या कठड्यावरून देह पाण्याकडे झेपावला, की पृष्ठभागाला स्पर्श होईपर्यंत जेमतेम दीड सेकंद मिळतो. तेवढ्या अवधीत कोलांट्या घ्यायच्या, अंग वेळेवर उलगडायचे आणि ताशी सुमारे पन्नास किलोमीटर वेगाने, शक्यतो एक थेंबही न उडवता, पाण्यात शिरायचे. वर्षानुवर्षांच्या साधनेचा निकाल या दीड सेकंदात लागतो. जलतरणातील हा सूर मारण्याचा प्रकार पाश्चात्त्य देशांत बहुधा सुखवस्तू मंडळींच्या तलावांवर वाढला. म्हणूनच या क्रीडेच्या इतिहासात डॉ. सॅमी ली यांचे नाव वेगळे उठून दिसते.

कोरियाहून अमेरिकेत स्थायिक झालेल्या कुटुंबात १ ऑगस्ट १९२० रोजी कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे त्यांचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब लॉस एंजेलिसला आले आणि छोट्या व्यवसायावर गुजराण करू लागले. १९३२ साली त्या शहरात ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा रस्तोरस्ती देशोदेशींचे ध्वज फडकत होते. ते पाहून बारा वर्षांच्या सॅमीने आपणही ऑलिंपिक विजेता होणार, असे वडिलांना सांगून टाकले. कोणत्या खेळात, हे मात्र त्याचे त्यालाही ठाऊक नव्हते! तलावाच्या फळीवरून मित्रांबरोबर उड्या मारता मारता त्याला आपला खेळ सापडला.

खेळ सापडला, पण सरावासाठी पाणी कोठून आणायचे? जवळच्या पॅसाडेना शहरात ब्रुकसाइड उद्यानाचा सार्वजनिक तलाव होता. गौरेतरांना तेथे आठवड्यातून एकच दिवस, बुधवारी, प्रवेश मिळे. त्या दिवसाचे पोहणे आटोपले, की तलाव रिकामा करून त्यात ताजे पाणी भरीत आणि मग गोऱ्या नागरिकांसाठी तो पुन्हा खुला होई. वाचकहो, माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते, ही कल्पना आपल्याला नवखी नाही. ती केवळ आपल्याच देशात रुजली असे मानण्याचे मात्र कारण नाही. तेथे तिला धर्मशास्त्राचा आधार नव्हता; नगरपालिकेचा नियम पुरेसा होता.

उरलेल्या सहा दिवसांवर जिम रायन या त्यांच्या प्रशिक्षकाने एक उपाय काढला. त्यांनी आपल्या परसात खड्डा खणला, तो वाळूने भरला आणि त्यावर उडीची फळी बसवली. सॅमी तेथे कोलांट्या घेई आणि पाण्याऐवजी वाळूत उतरे. डोक्यावर उतरणे शक्य नसल्याने पायांवरच उतरावे लागे. वाळूतून वारंवार उसळी घेऊन त्याचे पाय विलक्षण बळकट झाले. उंचीने पाच फुटांहून किंचित अधिक असलेल्या या खेळाडूची उसळी पुढे सर्वांच्या कौतुकाचा विषय झाली, तिचे मूळ या वाळूच्या खड्ड्यात होते. अन्यायाने त्यांना बळ दिले, असे म्हणणे मात्र सत्याला धरून होणार नाही. बळ दिले ते खड्डा खणणाऱ्या हातांनी.

मुलाने डॉक्टर व्हावे, ही वडिलांची तीव्र इच्छा होती. १९४२ साली सॅमी ली यांनी अमेरिकेचे राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले. हा मान मिळवणारे ते पहिले गौरेतर सूरपटू. परंतु महायुद्धामुळे १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिक रद्द झाली होती आणि खेळाडूच्या ऐन उमेदीची वर्षे सरत होती. वडिलांचे १९४३ साली निधन झाले. पुत्राने त्यांची इच्छा पूर्ण केली आणि १९४७ साली वैद्यकीय पदवी घेतली.

१९४८ च्या उन्हाळ्यात लंडनला वेम्बली येथील तलावावर अखेर ती संधी आली. लवचीक फळीवरील स्पर्धेत, म्हणजे स्प्रिंगबोर्ड प्रकारात, ली यांना कांस्यपदक मिळाले. ५ ऑगस्ट रोजी उंच कठड्यावरील प्लॅटफॉर्म स्पर्धेत त्यांनी साडेतीन कोलांट्यांची त्या काळी अत्यंत धाडसी मानली जाणारी उडी घेतली आणि सुवर्णपदक जिंकले. त्याच संघात व्हिक्टोरिया मनालो ड्रेव्हस ही सॅन फ्रान्सिस्कोची तरुणी होती. तिचे वडील फिलिपिनो, तर आई इंग्रज. तेथील एका पोहण्याच्या मंडळात प्रवेश मिळावा, म्हणून तिला वडिलांचे आडनाव झाकून आईचे माहेरचे आडनाव लावावे लागले होते. लंडनमध्ये तिने स्प्रिंगबोर्ड व प्लॅटफॉर्म अशी दोन्ही सुवर्णपदके मिळवली. ज्यांच्या पूर्वजांमुळे तलावांची दारे बंद झाली होती, त्या दोघांनी एका आठवड्यात अमेरिकेला तीन सुवर्णपदके आणि एक कांस्यपदक मिळवून दिले.

चार वर्षांनी, १ ऑगस्ट १९५२ रोजी, हेलसिंकी येथे ली यांनी पुन्हा प्लॅटफॉर्मचे सुवर्ण जिंकले. तो त्यांचा बत्तिसावा वाढदिवस होता. या प्रकारात लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणारे ते पहिले पुरुष ठरले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील सर्वोत्तम हौशी खेळाडूला दिला जाणारा सुलिव्हन पुरस्कार त्यांना मिळाला. तोवर सैन्याच्या वैद्यकीय विभागातून ते कोरियात, आपल्या मातापित्यांच्या मायदेशी, सेवा बजावू लागले होते. अमेरिकी सरकारने त्यांना आशियातील देशांत सदिच्छा दौऱ्यावरही पाठवले.

स्वदेशी परतल्यावर मात्र त्यांनी कॅलिफोर्नियातील गार्डन ग्रोव्ह येथे घर विकत घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा वंशाच्या कारणावरून त्यांना नकार मिळाला. जो माणूस देशाचा प्रतिनिधी म्हणून परदेशांत चालत होता, तो शेजारी म्हणून चालत नव्हता. वृत्तपत्रांतून हे प्रकरण गाजले, अनेक नागरिक त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि अखेर त्याच ऑरेंज परगण्यात त्यांना घर मिळाले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पदकविजेत्यावरील अन्यायाची बातमी झाली, म्हणून त्याचे निवारण झाले. ज्यांच्या गळ्यात पदक नव्हते, त्यांचे काय? थोरांच्या सत्कारात आपण हा प्रश्न सहसा विसरतो. समाजाची परीक्षा तो आपल्या विजेत्यांना कसे वागवतो यावर होत नाही. ती सामान्य माणसाला तो कोणती जागा देतो, यावर होते.

ली कान-नाक-घसा तज्ज्ञ म्हणून व्यवसाय करीत राहिले आणि फावल्या वेळात पुढची पिढी घडवू लागले. त्यांचे शिष्य बॉब वेबस्टर यांनी १९६० व १९६४ साली प्लॅटफॉर्मचे सुवर्ण जिंकून गुरूच्या पराक्रमाची बरोबरी केली. ग्रेग लुगॅनिस हा सामोअन वंशाचा मुलगा, दत्तक घरात वाढलेला. ली यांनी त्याचे गुण लहानपणीच हेरले होते. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकच्या तयारीसाठी त्याला त्यांनी आपल्या घरी ठेवून घेतले. सोळा वर्षांच्या ग्रेगने तेथे इटलीच्या क्लाउस डिबियासी यांच्या खालोखाल रौप्यपदक मिळवले. पुढे १९८४ आणि १९८८ अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये त्याने फळी व कठडा या दोन्ही प्रकारांत सुवर्णपदके जिंकली.

२ डिसेंबर २०१६ रोजी, वयाच्या शहाण्णवव्या वर्षी, डॉ. ली यांचे निधन झाले. लॉस एंजेलिसमधील एका प्राथमिक शाळेला आज त्यांचे नाव आहे. त्यांच्या पदकांची नोंद क्रीडेच्या इतिहासात राहीलच. परंतु ग्रेगला शिकवताना त्यांनी पैसे घेतले नाहीत. तलाव स्वच्छ ठेवण्याचे काम तेवढे त्याच्याकडे दिले, ही लहानशी गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. ज्याच्या पोहण्यानंतर कधीकाळी तलाव उपसला जाई, त्याने आपल्या पाण्यात दुसऱ्याच्या मुलाला हात धरून उतरवले.