मीठ, खडी आणि साखर : स्फटिकांच्या नावांविषयी एक टिपण

धरमतर खाडीच्या काठी, पेण परिसरात, मिठागरांची परंपरा जुनी आहे. आगरी समाजाचे नावच 'आगर' या शब्दावरून आले. 'आगर'चे मूळ 'आगार' असे कोणी सांगतात. 'खाण' या अर्थाचा 'आकर' मला अधिक पटतो. मात्र हे नाव मिठाच्या कणाचे नव्हे, तर ते पिकते त्या जागेचे आहे. कणाचे नाव 'मीठ' हे 'मृष्ट', 'मिष्ट' या रूपांकडे, म्हणजे रुचीकडे, नेते. खाऱ्या वस्तूस गोडाचे नाव मिळावे, हा मराठीचा मोठा गमतीचा व्यवहार होय.

साखरेची गोष्ट उलट. वैदिक वाङ्मयात 'शर्करा' म्हणजे वाळूतील खडे. सुश्रुतसंहितेत हा शब्द साखरेसाठी येतो, तसाच मूत्रमार्गातील खड्यांसाठीही. कौटिलीय अर्थशास्त्रात फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खंड आणि शर्करा ही नावे ओळीने आली आहेत. सुश्रुताच्या मते हे पदार्थ जसजसे निर्मळ होत जातात तसतशी गोडीही वाढते. 'खंड' फारसीत 'कंद' झाला आणि अरबीच्या वाटेने युरोपात 'कँडी'. इ. स. ६४७ मध्ये चीनच्या थांग सम्राटाने साखर करण्याची रीत शिकण्यासाठी मगधाकडे दूत धाडले होते. आपली 'खडीसाखर' मात्र व्युत्पत्तीने पाहता 'खड्यांचे खडे' अशी द्विरुक्ती ठरते.

मिठास जागेचे आणि साखरेस आकाराचे नाव का मिळाले? माझ्या मते यास द्रावणाचा स्वभाव कारण असावा. शंभर ग्रॅम पाण्यात २० अंश सेल्सिअसला सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरते, आणि १०० अंशांना जेमतेम ३९. ते थंड करून फारसा लाभ नाही. पाणीच उडून जावे लागते, म्हणून ऊन, वारा व उथळ वाफे हवेत. साखर मात्र त्याच पाण्यात २० अंशांना सुमारे २०० ग्रॅम, तर उकळत्या पाण्यात ४८० ग्रॅमहून अधिक विरते. दाट पाक सावकाश निवविला की जादा साखर दोऱ्यावर बसू लागते. बीज एकच ठेवून पाक न हलविता निवविला, तर सपाट पैलूंचा एकच मोठा स्फटिक वाढतो. घाई केली की बारीक कणांचा चुरा होतो. येथे शेत लागत नाही, भांडे पुरते. आणि भांड्यात डोळ्यांदेखत वाढतो तो खडा. हे अनुमान आहे. 'खंड' आणि 'शर्करा' यांतील जुना फरक कणांच्या आकाराचा की शुद्धतेचा, याचा निर्णय पाठभेद तपासूनच करावा लागेल.