शिर्डीचं विमान आणि उरलेली धावपट्टी

२९ एप्रिल २०१९. शिर्डी लोकसभेचं मतदान होतं. त्याच दिवशी दिल्लीहून आलेलं स्पाइसजेटचं ७३७ काकडीच्या विमानतळावर उतरलं आणि धावपट्टी संपली तरी थांबलं नाही. पुढच्या मातीत जाऊन रुतलं. सगळे सुखरूप. धावपट्टी एकच, त्यामुळे विमान ओढून काढेपर्यंत विमानतळच बंद. आदल्याच वर्षी, मे २०१८ मध्ये, अलायन्स एअरचं छोटं एटीआरही इथे असंच पट्टीबाहेर गेलं होतं.

आमच्या नगर जिल्ह्यात अशा वेळी ‘बाबांनी तारलं’ म्हणतात. म्हणोत बापडे. मी आपला कॅलक्युलेटर काढला.

काकडीची पट्टी २५०० मीटर. ७३७ टेकतं साधारण ताशी २६० किमीने, म्हणजे सेकंदाला ७२ मीटर. चाकं टेकायला पाच सेकंद उशीर झाला की साडेतीनशे मीटर पट्टी गायब! त्यात काकडी समुद्रसपाटीपासून ५८० मीटरच्या वर. पारा चाळीसवर असेल तर हवा विरळ होते. काट्यावर नेहमीचाच वेग दिसतो, पण खरा वेग समुद्रकाठच्या १५ अंशांतल्या हवेपेक्षा सुमारे ८ टक्के जास्त. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे थांबायला १६-१७ टक्के जास्त काम.

आता मंगळूर बघा. २२ मे २०१०, तेही ७३७च. पट्टी २४५० मीटर, जवळपास काकडीएवढीच. एअर इंडिया एक्स्प्रेसचं ते विमान टेकलं सुमारे १५८५ मीटर ओलांडल्यावर. पट्टीपुढे दरी होती. १५८ माणसं गेली. एएआयबी ही स्वतंत्र संस्था आली २०१२ साली, तेव्हा ही चौकशी निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्याकडे होती. त्यांच्या अहवालातली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. सहवैमानिकाने तीनदा ‘गो अराउंड’ म्हटलं होतं. म्हणजे उतरू नका, पुन्हा वर घ्या.

आणि ७ ऑगस्ट २०२०, कोळिकोड. पाऊस, डोंगरावरची पट्टी, कॅप्टन दीपक साठे. नागपूरचे, हवाई दलातले. २१ जण गेले. त्या आठवड्यात कितीतरी मराठी घरांत घरचंच कुणी गेल्यासारखं वाटलं होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये एएआयबीचा अहवाल आला. निम्मी पट्टी मागे पडल्यावर विमान टेकलं, सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ म्हणूनही. वाचून मला रागच आला. गेलेल्या माणसावर ढकलणं सोपं असतं ना!

पण अहवाल नीट वाचला. चौकशीचा हेतू दोष ठरवणं हा नाही, हे त्यात सुरुवातीलाच लिहिलंय. सहवैमानिकाने नियंत्रण हाती घ्यायला हवं होतं, हे आहे. यंत्रणेच्या उणिवाही आहेत. म्हणजे प्रश्न एकट्या साठेंचा नाहीच. दहा वर्षांच्या अंतराने दोन्ही कॉकपिटमध्ये शेजारचा माणूस बोलला होता.

मागे एकदा रिलीजच्या रात्री आमच्या टीममधला नवा मुलगा दोनदा म्हणाला, “रोलबॅक करूया.” मी म्हटलं, बघू. आमची फक्त झोप गेली. त्याला ‘तुझं बरोबर होतं’ हे मी अजून सांगितलेलं नाही.