आज्ञा राजाची, प्रतिष्ठा स्वतःची

१/ योहान फ्रीड्रिख आडोल्फ फॉन डेर मार्विट्झ (१७२३–१७८१) हा ब्रांडेनबुर्गमधील फ्रीडर्सडॉर्फच्या सरदार घराण्यातला. पुढे तो प्रशियन राजाच्या मानाच्या ‘जाँदार्म’ घोडदळ रेजिमेंटचा प्रमुख झाला.

२/ सप्तवार्षिक युद्धात, ऑक्टोबर १७६० मध्ये, रशियन व ऑस्ट्रियन फौजा बर्लिनमध्ये शिरल्या. त्यांच्यासोबतच्या सॅक्सन सैनिकांनी शार्लोटेनबुर्गचा राजवाडा लुटला. तेथील प्राचीन शिल्पेही फोडली.

३/ सूड म्हणून फ्रेडरिक दुसरा याने १७६१ मध्ये सॅक्सनीतील हुबर्टुसबुर्ग राजवाडा लुटण्याची आज्ञा मार्विट्झला दिली. घराण्याच्या आठवणींनुसार त्याचे उत्तर असे, की हे काम फार तर युद्धापुरत्या उभारलेल्या पलटणीच्या अधिकाऱ्याला शोभेल, जाँदार्मांच्या प्रमुखाला नव्हे. त्याने सेवामुक्ती मागितली.

४/ अखेर तशाच एका पलटणीचा अधिकारी क्विंटुस इचिलियुस याने वाडा रिता केला. १५ फेब्रुवारी १७६३ रोजी प्रशियाचा तह झाला तो त्याच हुबर्टुसबुर्गला.

५/ पुतण्याने कोरविलेल्या समाधिलेखाचा आशय : जेथे आज्ञापालनाने मान लाभत नव्हता, तेथे त्याने अवकृपा पत्करली.

६/ हा नकार आजच्या मानवतावादातून नव्हे, तर सरदारी अभिमानातून उपजला होता. तरीही निरंकुश राजसत्तेला मर्यादा घालणारी एक शक्ती त्या अभिमानातच दडलेली होती.