परिचारिकेचे धैर्य कुठून येते?

शिकाऊ परिचारिकांच्या मनावर मोठा ताण असतो. त्यावर ध्यान, श्वासावर लक्ष केंद्रित करणे असे उपाय सुचवले जातात. त्यांचा उपयोगही होतो. पण धैर्य केवळ मनाच्या व्यायामाने येते का? गडचिरोलीचा इतिहास आपल्याला आणखी काही सांगतो.

१९८२ साली चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या या जंगली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८६ मध्ये काम सुरू केले. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे मिनिटातले श्वास मोजावे लागतात. पण गावातल्या अनेक सुइणींना बाराच्या पुढे मोजता येत नसे. मग वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले एक साधन तयार झाले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया! अंदाजाची जागा मोजमापाने घेतली.

१९९५ मध्ये ३९ गावांत नवजात बाळांच्या घरगुती काळजीचा प्रयोग सुरू झाला. पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या गावातल्याच स्त्रिया 'आरोग्यदूत' झाल्या. परक्या परिचारिकेची बदली तरी होते. यांना मात्र बाळ दगावले तर दुसऱ्या दिवशी त्याच आईला त्याच विहिरीवर तोंड द्यायचे होते. अशा स्त्रीला पहिल्याच दिवशी सुई हातात दिली असती तर?

तसे केले गेले नाही. पहिले वर्ष प्रामुख्याने बाळाचे निरीक्षण, वजन, तापमान आणि नोंदी यांचे होते. जंतुसंसर्गावर जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायचे काम १९९६ मध्ये आले. नियमित भेट देणारे पर्यवेक्षक पाठीशी होतेच.

१९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या गावांत दर हजार जन्मांमागे नवजात मृत्यू ६२ होते, ते १९९७-९८ मध्ये २५.५ वर आले. पुढे २०११ पासून देशभरातील 'आशा' कार्यकर्तींच्या कामात नवजात बाळांसाठीच्या गृहभेटी आल्या.

आमच्या मते यातला क्रम महत्त्वाचा आहे: आधी पाहणे, मग मोजणे, मग करणे, आणि चुकेल असे वाटले तर विचारायला कोणीतरी असणे. पहिल्या रात्रपाळीला एकटी उभी राहणारी विद्यार्थिनी घाबरली, तर तिला 'मन घट्ट कर' असे सांगण्याआधी विचारावे: यातल्या कोणत्या पायऱ्या आपण तिला चढू दिल्या?