टिळकांच्या घरातली प्रीती : ‘स्मृतिचित्रे’च्या निमित्ताने

‘स्मृतिचित्रे’ वर्गात शिकवताना आमचा नेहमीचा एक अनुभव आहे. विद्यार्थी हसतात. सोवळ्याच्या वेडापायी मीठसुद्धा धुवायला लावणारे लक्ष्मीबाईंचे वडील, व्यवहाराची यत्किंचितही जाण नसलेले टिळक, त्यांच्यावर संतापणाऱ्या आणि मग स्वतःच हसू लागणाऱ्या लक्ष्मीबाई, या साऱ्यांना वर्गाची दाद मिळते. पुढे परीक्षेत ‘निरागस विनोद’ आणि ‘पारदर्शी शैली’ एवढ्या दोन शब्दांत पुस्तक आटोपते. (यात आमच्या शिकवण्याचाही वाटा आहे, हे मान्य करायला हवे.)

१९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेले हे आत्मकथन एका वेगळ्या अंगानेही वाचता येते. एका ख्रिस्ती घरात निरपेक्ष प्रेम रोजच्या रोज कसे आचरले गेले आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा इतका तपशीलवार पुरावा मराठीत क्वचितच सापडेल.

मराठी ख्रिस्ती परंपरेत या प्रेमाला ‘प्रीती’ असा शब्द आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात मूळ ग्रीक ‘अगापे’साठी मराठी बायबल हाच शब्द योजते. मराठी कवितेने मात्र प्रीती प्रियकर-प्रेयसीच्या स्वाधीन केली. त्यामुळे हा शब्द ऐकला की साहित्याच्या विद्यार्थ्याला रविकिरण मंडळ आठवते, प्लेगची छावणी आठवत नाही.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करायला सांगणारा हा धर्म. पण त्याच्या स्वीकाराचा पहिला घाव बसला तो सर्वांत जवळच्या माणसावर. लक्ष्मीबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या, पदरात लहानगा दत्तू. पुढची जवळजवळ पाच वर्षे त्यांनी नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांच्या आधाराने काढली. टिळकांच्या त्यागाविषयी बोलताना आपण ही पाच वर्षे चटकन ओलांडतो. लक्ष्मीबाई ओलांडत नाहीत. त्या नवऱ्याला दोष देत बसत नाहीत, पण आपले दुःखही झाकत नाहीत. जातिभेद देवाने केलेला नाही, या निष्कर्षाला त्या स्वतःच्या विचाराने आल्या आणि बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली, घेतला. हा क्रम आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. नवऱ्यामागे धर्म बदललेली पत्नी, अशी त्यांची ओळख करून देणे त्यामुळे चुकीचे ठरते.

त्यानंतरचा अहमदनगर-राहुरीचा संसार म्हणजे उघड्या दाराचे घर. अनाथ मुले, विद्यार्थी, अडलेले-नडलेले कोणीही. टिळक माणूस घरी आणत. डब्यात पीठ किती उरले आहे, ते लक्ष्मीबाईंना ठाऊक असे. दात्याचा लौकिक होतो, पुरवठा करणारी बाई इतिहासात सहसा उरत नाही. इथे ती उरली, कारण तिने स्वतः लिहिले. हे विधान कोणाला खोचक वाटेल. परंतु लक्ष्मीबाईंना निमूट सोसणाऱ्या गृहिणीच्या कोंदणात बसवणे आम्हांला मान्य नाही. त्या भांडत, नवऱ्याला चार शब्द सुनावत आणि आलेल्या पाहुण्याला जेवूही घालत. सोवळ्याच्या घरात वाढलेली ही बाई पुढे प्लेगच्या छावणीत परक्या रुग्णांची शुश्रूषा करायला उभी राहिली. तिथवरचे अंतर तिने अशाच रोजच्या कुरबुरींतून कापले असावे.

मराठीच्या अभ्यासकांना या घराचे एक ऋण विशेष लागते. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात गाजलेला पोरसवदा कवी, त्र्यंबक बापूजी ठोंबरे, पुढे टिळकांच्या नगरच्या घरी राहिला. त्याच्या लहरी लक्ष्मीबाईंनी घरच्या मुलासारख्या सांभाळल्या. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. त्या घरात राहायला तशी अटही नव्हती. बालकवींच्या निसर्गप्रेमावर ढीगभर लिहिणारी आपली समीक्षा या स्वयंपाकघराची दखल जाता जाताच घेते.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनच्या चाकरीतून मोकळे होऊन संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ स्थापला. गृहस्थाच्या संन्यासात गृहिणीने काय करायचे, हा प्रश्न लक्ष्मीबाईंपुढे पुन्हा आलाच; परंतु यावेळी तो फार काळ राहिला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. त्यांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. कधीही शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेऊन पुरे केले. त्यातले बहुतांश अध्याय त्यांचे आहेत. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या. ‘ख्रिस्तायन’ १९३८ साली प्रसिद्ध झाले. आमच्या ग्रंथालयातली ‘स्मृतिचित्रे’ची प्रत हाताळून जीर्ण झाली आहे, ‘ख्रिस्तायन’ मात्र अजून कोणी मागितलेले नाही.